सुमन, तुझा रस्ता आणि माझी विहीर

सुमन, सुनावणीत तुझं नाव पुकारलं तेव्हा तुझी तेरवी होऊन फार दिवस झाले नव्हते. शिपायानं दारात उभं राहून नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. दोनदा घेतलं. बाकावरच्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. मी तुझ्या आधीच आत बोलून आले होते. माझं काम संपलं होतं, पिशवी उचलून निघायचंच बाकी होतं. त्यानं पुन्हा नाव घेतलं तेव्हा मी उठले.

"ती नाही."

"मंग कधी येईन?"

"येत नाही आता. वारली ती. मी तिची जाऊ होय, मोठी."

शिपाई म्हणाला, "तुमी बोला मंग तिच्या वतीनं. नाहीतर तिचा कागद तसाच पडून राहीन."

अशी मी, जो रस्ता नको म्हणून नुकतंच आत सांगून आले होते, तो पाहिजे म्हणून सांगायला परत आत गेले.

तुला हे सगळं मागचं माहीत आहे म्हणून मी असं मधूनच सुरू केलं. पण तुझी लेक वैशाली म्हणते, मोठ्याई, लिहा, आपल्या समाजाच्या अंकात छापून देऊ. म्हणजे चार लोक वाचणार. त्यांना कळावं म्हणून जरा मागं जाते. तू कंटाळू नको. तशीही तू माझं बोलणं कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीस, आता घे.

पेपरातली ती नोटीस तूच घेऊन आली होतीस. शहराचा विकास आराखडा जुना झाला, आता तो सुधारून नवा केला आहे, नकाशे सभागृहात लावले आहेत, लोकांनी पाहावे आणि हरकती-सूचना द्याव्यात. मला वाटलं होतं हे बिल्डर लोकांचं काम. तू म्हणालीस, "बाई, आपलं वावर नकाशात कसं दिसते ते तं पाहू. पैसे पडून राहिले का पाहाले?"

गेलो. केवढाले ते नकाशे! पिवळं म्हणजे घरं, हिरवं म्हणजे शेती, निळं म्हणजे दुकानं. तू म्हणालीस, "अव माय, हे तं गोधडीवाणी दिसून राहिलं." आणि मग बडनेऱ्याच्या अंगाला, नाल्याच्या कडेला, बोट ठेवून म्हणालीस, हे आपलं. तिथं कचऱ्याची जागा दाखवली होती. आपण दोघी मटकन खुर्च्यांवर बसलो. तू तर डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, आता झेंडूच्या जागी कचरा पिकवा. टेबलाजवळची पोरगी आली, वावराजवळच्या खुणा विचारल्या, आणि म्हणाली, "काकू, हे तुमचं नाही. तुमचं पलीकडे आहे." आपल्याला इतका आनंद झाला की ज्या कोणाचं ते वावर होतं, त्याची आठवणसुद्धा आली नाही. बाहेर आल्यावर आठवण आली. मग दोघींना लाज वाटली.

आपलं हिरव्यातच होतं. पण तुझं वावर आणि माझं वावर यांच्या मधून एक सरळ पट्टा ओढला होता. नवा रस्ता. बरोबर धुऱ्यावरून, म्हणजे दोघींच्या मधल्या बांधावरून. पोरीनं समजावून सांगितलं, "वरून काढलेल्या फोटोत इथं वाट दिसते, काकू. वापरातली आहे. म्हणून तीच रुंद करून दाखवली. अर्धी जागा या बाजूची, अर्धी त्या बाजूची."

आपण एकमेकींकडं पाहिलं. ती वाट कशी झाली ते त्या पोरीला काय माहीत.

इतरांकडं धुरा कोरतात. दर नांगरणीला शेजाऱ्याच्या जमिनीतलं नांगराचं एक तास आपल्यात ओढून घ्यायचं, मग पोलीस, मग कोर्ट. आपल्याकडं उलटं झालं. दोघा भावांची वाटणी झाली त्या दिवशी पंचांपैकी कोणीतरी चिडवलं, "आता पाहू कोन कोनाचा धुरा कोरते." ते दोघांनाही लागलं. पुढच्या नांगरणीला आमच्या ह्यांनी आपल्याच जमिनीतलं एक तास सोडून दिलं. "सांगा म्हणा त्याले, मी त्याच्या अंगाले गेलो नाही." तुझ्या नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्यानं आपल्या बाजूचं जास्त सोडलं. त्याच्या पुढच्या साली ह्यांनी आणखी. बोलणं नव्हतं एकमेकांशी, पण ही चढाओढ दरसाल चालू. तू आणि मी विहिरीवर बसून हसायचो. हसत हसत तू म्हणायचीस, "अजून थोडे साल जगले तं दोघं भाऊ आपापल्या वावरातून बाहीर निघतीन."

नांगर लागेना, म्हणून तिथं गवत आलं. गवतातून बैलांची बंडी गेली. बंडीमागून दुधवाल्याची सायकल. आणि मग तुझ्या नवऱ्यानं मागच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकले, तेव्हा मागची सगळी वस्ती त्या वाटेनं ये-जा करायला लागली. आभाळातून फोटो काढणाऱ्याला ती पांढरी वाट दिसली. त्याचं काही चुकलं नाही. सभागृहातच तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. "बाई, दोघा भावायचा तोरा सरकारच्या नकाशावर आला."

घरी पोचेपर्यंत हसू संपलं. कारण तुला तो रस्ता पाहिजे होता आणि मला नको होता.

तुझं कारण काही वाईट नव्हतं. मागची माणसं बडनेरा स्टेशनावर हमाली करणारी, कोणी वीटभट्टीवर जाणारी. त्यांना प्लॉट देताना तुझ्या नवऱ्यानं सांगितलं होतं, रस्ता निघते. तो गेला आणि तो शब्द तुझ्या अंगावर राहिला. गुजरीच्या बाजारात मेथी विकायला बसलीस की वस्तीतली बाई भाव न विचारता आधी विचारायची, "काकू, रस्ता कवा?" त्यांच्याकडं पाण्याचा टँकर येत नाही. सिलिंडर खांद्यावर न्यावं लागतं. पावसाळ्यात शाळेच्या पोरी चपला हातात घेऊन धुऱ्यावरून येतात आणि आपल्या हौदावर पाय धुतात. तू म्हणायचीस, "त्या पोरी पाय धुतात न बाई, तवा मले त्यायच्याकडं पाहावत नाही."

माझं कारणही वाईट नव्हतं. विहीर माझ्या बाजूला, पण अगदी धुऱ्याच्या कडेला. रस्ता दोन्हीकडून सारखा घेतला तर विहीर बुजणार. तुझ्या वावरात बोअर मारून पाहिला होता, नुसता फुफाटा निघाला. दोन्ही घरांची वांगी, पालक, सांबाराच्या जुड्या, झेंडू, सगळं त्या एका विहिरीवर. मी म्हटलं, पाणीच गेलं तर ते हिरवं नकाशातलं राहील, वावरातलं नाही. तू म्हणालीस, माणसं चिखलात आणि आपण झेंडूत, हे बरं दिसते का? मी म्हटलं, ते प्लॉट मी नाही पाडले. हे बोलले मी. तुला लागलं ते. पण खोटं नव्हतं.

मग मी कागद दिला, रस्ता रद्द करा. तू दिलास, रस्ता ठेवा. एकाच खिडकीवर, एकीमागं एक उभ्या राहून. आधी माझी पोच घेतली, मग तुझी. खिडकीतला माणूस म्हणाला, "एकाच घरच्या दिसता." तू म्हणालीस, "घर एक हाय, डोक्शी दोन."

शेवटचं भांडण माझ्या ओट्यावर झालं. तू अकोल्याला वैशालीकडं निघाली होतीस, पिशवी भरून आली होतीस. मी मेथी निवडत होते. तू उभ्याउभ्याच म्हणालीस, "बाई, मी रातभर इचार केला. सगळा रस्ता माह्याच अंगानं जाऊ द्या. तुमची विहीर वाचते, त्या लोकायले रस्ता भेटते."

"आन तुले काय राहाते?"

"राह्यलं तेवढं राह्यलं."

"वैशालीले काय सांगशीन?"

"तिले कोनती शेती करायची हाय?"

"सुमन, उगी दानशूर होऊ नको. मले नाही पायजे तुह्या वावराची भीक."

"भीक कोन देऊन राह्यलं? तुमच्या त्या विहिरीत एक बेडूक आन चार घागरी पानी. पन तुमाले ते दिल्लीचं तख्त वाटते, म्हणून म्हटलं. नसन पायजे तं राहू द्या."

आणि गेलीस. चहा ठेवला होता, तोही नाही घेतला.

त्याच्यानंतर अकोल्याहून फोन आला, कावीळ झाली, दवाखान्यात ठेवलं. मी आले तेव्हा तू डोळे मिटून होतीस, अंग पिवळं, बोलणं नाही. उशाशी बसून तुझा हात धरला. आजारी माणसापाशी रस्त्याचं काय काढायचं? बरी झाली की भांडू, असं मनात म्हटलं आणि परत आले. मग पुन्हा फोन आला.

तेरवीला सगळे जमले. तुझा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता तुमची हरकत मागं घ्या. गेलेल्या माणसाची इच्छा समजा." आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "तिनं जित्तेपणी माह्याकडं इच्छा नाही मांगितली, भाऊ. भांडन मांगितलं. ते मी मागं घेत नसते." लोकांना ते कठोर वाटलं. वाटू दे. तू मेलीस म्हणून तुझं म्हणणं एकाएकी बरोबर झालं, असं मी कशी म्हणू? तसं म्हटलं असतं तर तूच पहिली हसली असतीस.

तर सुनावणी. टेबलामागं साहेब लोक बसलेले, सभ्य होते, खुर्ची दिली. मधले म्हणाले, "आजी, तुम्ही तर आत्ताच रस्ता नको म्हणालात."

"ते माझं झालं, साहेब. आता हे तिचं."

"म्हणजे तुम्ही बाजूनं की विरोधात?"

"ती बाजूनं, मी विरोधात. दोघींचंही लिहून घ्या."

ते हसले, पण पेन उचललं. मी सांगितलं मग. चपला हातात घेणाऱ्या पोरी, सिलिंडर, टँकर, तुझ्या नवऱ्याचा शब्द. काहीही कमी केलं नाही, सुमन. तुझा आवाज चढायचा तिथं माझाही चढला. एक गोष्ट मला तिथंच लक्षात आली. माझं म्हणणं मांडताना मी अडखळले होते, कागदात पाहावं लागलं होतं. तुझं मला सगळं तोंडपाठ होतं. इतक्यांदा ऐकलं होतं ना! वस्तीतल्या बाया मागं बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तुझ्या टाळ्या. मी मान खाली घालून उभी होते.

मग साहेबांनी विचारलं, "त्यांचं आणखी काही म्हणणं होतं का?"

होतं. ओट्यावरचं. "सगळा रस्ता माह्याच अंगानं जाऊ द्या." ते तू कागदावर लिहिलं नव्हतंस. ऐकणारी मी एकटी. बोलले असते तर वस्तीला रस्ता मिळत होता, माझी विहीर वाचत होती, आणि जात होतं फक्त वैशालीचं. आता त्या वावरावर तिचं नाव लागणार. आणि सांगणार कोण, तर जिचा फायदा ती. न बोलावं तर तू दिलेली गोष्ट माझ्या पोटातच जिरणार. शिपायानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो पिऊन टाकला.

"होतं साहेब," मी म्हटलं. "पन ते माह्या फायद्याचं हाय. माह्या तोंडून लिहून घेऊ नका. तिच्या लेकीले बोलवा, तिच्यासमोर सांगीन."

त्यांनी पुढची तारीख दिली.

तारखेआधी मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला गेले. तुझ्या लेकीला सभागृहात सगळ्यांसमोर कळावं, हे मला बरं वाटेना. वैशालीनं पोहे केले. जावई घरीच होते. मी पोहे खाल्ल्यावर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर खाल्ले गेले नसते.

जावई म्हणाले, "मोठ्याई, बरं तुमाले तुमच्या फायद्याचंच आठवलं."

"म्हणूनच तिथं नाही बोलली, जावईबापू. इथं बोलून राह्यली."

वैशाली ताटली घेऊन आत गेली, परत आली. म्हणाली, "आई नेमकं काय म्हणाली? तिच्या शब्दात सांगा."

सांगितलं. बेडूक, चार घागरी, दिल्लीचं तख्त, सगळं. तख्त ऐकलं आणि तुझी लेक हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, मग नाक पुसून जावयांकडं वळली. "हे आईच बोलली. मोठ्याई एवढं वाकडं सोताबद्दल नाही बोलणार."

मला वाटलं आता ही हो म्हणते. मनातून मी घाबरले होते, सुमन. हो म्हणाली असती तर मला ते घ्यावं लागलं असतं.

पण तुझी लेक ती. समोर बसली आणि म्हणाली, "मोठ्याई, आईनं तुमाले दिलं होतं, तुमी घेतलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मंग ते आईपाशीच राह्यलं. आता माह्याकडं आलं. आन मले ते पायजे."

"शेती करशीन?"

"करीन, नाहीतर इकीन. काहीही करीन. बाबांनी मागचं इकलं, आई पुढचं देऊन टाकाले निघाली, मले कोनी इचारलंच नाही. रस्ता झाला पायजे, त्या लोकायचं खरं हाय. पन अर्धा तुमचा, अर्धा माझा. नकाशात हाय तसा."

"आन विहीर?"

"तिचं तुमी सांगा साहेबाले. ते तुमचं भांडन होय."

मला राग यायला पाहिजे होता, थोडा आलाही. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं की किती दिवसांनी मला भूक लागली आहे. मूर्तिजापूर यायच्या आधी मी तिनं बांधून दिलेल्या दशम्या खाऊन संपवल्या.

तारखेला ती सकाळच्या गाडीनं आली. मी बडनेऱ्याला घ्यायला गेले. आम्ही दोघी एकाच रिक्षातून सभागृहाशी उतरलो, शेजारी-शेजारी बसलो. आत गेल्यावर मी तुझं ओट्यावरचं बोलणं सांगितलं. वैशालीनं सांगितलं, ते मला मंजूर नाही, रस्ता नकाशाप्रमाणेच करा. मग मी माझी विहीर पुन्हा सांगितली. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्ही एकाच घरच्या ना? बाहेर बसून एकमत करून या की."

आम्ही दोघी एकदमच बोललो, "ते होत नाही, साहेब."

निकाल अजून लागलेला नाही. सगळ्या हरकतींचा अहवाल होणार, मग तो वर मुंबईला जाणार, तिथून काय येईल ते येईल. माझं मन म्हणतं, रस्ता होईल. तू इतकं नीट मांडलं होतंस, आणि मांडायला मलाच पाठवलंस, तर होणारच. मला तो अजूनही नको आहे. तू आत्ता ओट्यावर येऊन पुन्हा तेच म्हणालीस तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, हेही सांगून ठेवते. फक्त मी त्याला भीक म्हणाले, तो शब्द तेवढा नको होता. देणारी तू होतीस, आणि एवढं मोठं मला आजवर कोणी देऊ केलं नव्हतं. घ्यायचं नव्हतं, पण नीट नाही म्हणायला पाहिजे होतं.

रस्ता झाला, तर मागच्या पोरी चपला घालून शाळेत जातील. मीही त्यावरूनच गुजरीला जाईन, दुसरीकडून कुठून जाणार? आणि विहीर बुजवली तिथपर्यंत आले की थांबून तुला एक सणसणीत शिवी देईन. रोज देईन. ऐकून घेशील.